टेंभरांसाठी थोडं रान राखा

महोदय,

बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानाचा हंगाम जवळ आला की लिलाव, भाव, बोनस यांच्या बातम्या छापून येतात. त्याच झाडाच्या फळाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ऐन वैशाखात पिवळीधमक पिकणारी टेंभरं हा आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या पोरांचा हक्काचा रानमेवा. कच्चं फळ तोंड आवळून टाकतं. पिकलं की गर गोड, किंचित तुरट. शहरात महाग विकलं जाणारं अमरफळ (पर्सिमन) याच कुळातलं! अस्वलं आणि पाखरंही ही फळं खातात, बिया रानभर पसरवतात.

पानं कोवळी, मोठी यावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, कुठे कुठे आगही लावतात. दरवर्षी छाटलेल्या झुडपाचं झाड होणार कधी आणि त्याला फळ धरणार कधी? आगीत चारोळीची, मोहाची रोपंही जातात.

गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावने सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर ग्रामसभेचा कायदेशीर हक्क, मिळाल्यावर तेंदूपान तोडणंच थांबवलं आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे जमणार नाही. पानांच्या पैशातूनच अनेक घरांत खरिपाचं बियाणं येतं, हे मी रोज पाहतो. पण ग्रामसभांनी जंगलाचा एखादा पट्टा फक्त फळांसाठी राखावा, मोठ्या झाडांच्या फांद्या तोडू देऊ नयेत. वनविभागानेही रोपवाटिकांत तेंदूला जागा द्यावी. यंदाच्या लिलावाआधीच हे ठराव व्हावेत.

– एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली