फेस्टिव्हलची मायनस पट्टी

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

प्रिय मंदार,

तुझी शॉर्ट फिल्म कुठल्या कुठल्या फेस्टिव्हलांना पाठवायची, त्याची तुझी एक्सेल शीट पाहिली. पिवळ्या ओळी म्हणजे 'पाठवायचेच' असं लिहिलंयस, आणि खालची बेरीज वहिनींना अजून दाखवलेली दिसत नाहीये. डॉलरमधली एन्ट्री फी रुपयांत आण, वर कार्डवाल्यांचा परकीय चलनाचा आकार धर, की ती बेरीज आपल्या साउंडवाल्याच्या बिलाच्या पुढे जाते. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, तू मधेच 'अरे पण' करून तोडलं असतंस. म्हणून लिहितोय.

फी घेणारा प्रत्येक फेस्टिव्हल लुटारू असतो असं माझं म्हणणं नाही. इथल्या एका छोट्या महोत्सवाच्या प्राथमिक निवडीत मी बसतो, त्यामुळे पलीकडची बाजूही दिसते. हॉलचं भाडं आणि अनामत आधी भरावी लागते. प्रायोजक म्हणजे एखादा बिल्डर, एखादा सराफ, एखादा क्लासवाला. त्यांचं 'देतो' आणि प्रत्यक्ष चेक यांच्यामध्ये दिवाळी जाते. तिकीट लावलं तर लोक म्हणतात, शॉर्ट फिल्म तर मोबाइलवर फुकट बघतो की! मग हमखास येणारा पैसा उरतो तो एकच, एन्ट्री फी.

आता शोच्या दिवशीचं बघ. प्रोजेक्टरवाला, साउंडचा मुलगा, जनरेटरचं डिझेल, बॅनर छापणारा, ट्रॉफीवाला, चहावाला, पाहुण्यांचं हॉटेल, सगळ्यांचे पैसे संध्याकाळपर्यंत चुकते होतात, निदान आगाऊ तरी गेलेले असतात. ज्याच्या फिल्मसाठी हा मांडव घातलाय त्याला मात्र काही मिळत नाही. उलट त्यानेच फी भरलेली असते, स्वतःच्या खर्चाने सीबीएस बस स्टँडला उतरून रिक्षा करून आलेला असतो. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले की आधी सत्कार उरकतात, मग भाषणं, आणि वेळ भरून काढायची म्हणून शेवटच्या काही फिल्म कापतात. भाषण कापलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पण मला खरी टोचते ती वेगळीच गोष्ट. समज, चारशे फिल्म आल्या आणि फी दीड हजार. झाले सहा लाख. दाखवल्या चाळीस. म्हणजे पडद्यावर आलेल्या प्रत्येक फिल्ममागे नऊ जणांनी पैसे भरले आणि त्यांच्या हाती एक ईमेल आला, 'या वर्षी प्रवेशिकांचा दर्जा अतिशय उंच होता.' नाकारलेल्यांच्या पैशावर निवडलेल्यांची संध्याकाळ! त्यात त्या चाळीसमधल्या बऱ्याच फिल्म प्रोग्रॅमरने, म्हणजे फेस्टिव्हलच्या फिल्म ठरवणाऱ्याने, स्वतः मागवलेल्या असतात. ओळखीचा दिग्दर्शक असेल, फिल्मचा एखादा एजंट असेल किंवा ती आधीच कुठे गाजलेली असेल, तर फीचा वेव्हर, म्हणजे फीमाफी, मिळते. पूर्ण फी भरतो तो ज्याची कुणाशी ओळख नाही तो. म्हणजे तू आणि मी.

लासलगावच्या शेतकऱ्याचं दुःख आपल्याला ठाऊक आहे. हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं जाऊन कधी कधी मायनस पट्टी येते, माल देऊन वर पदरचे द्यायचे. पण त्याचा लिलाव निदान त्याच्या डोळ्यांदेखत होतो. व्यापारी कांदा हातात घेतो, दाबून बघतो, मग बोली लावतो. आपल्या फिल्मचा कांदा कुणी हातात घेतला की नाही, हेही कळत नाही. तू फिल्म चढवतोस त्या व्हिमिओ साइटच्या आकड्यांत जाऊन बघ एकदा. गेल्या वर्षी ज्या परदेशी फेस्टिव्हलने तुला 'कठीण निर्णय' कळवला, त्यांच्यासाठी केलेल्या वेगळ्या लिंकवर प्ले किती? शून्य होते ना? तूच मला स्क्रीनशॉट पाठवला होतास. फी घेऊन फिल्म न बघणं याला मी तरी फसवणूकच म्हणतो. फिल्म आवडली नाही तर नाकारा, पण बघा तरी.

मोठ्या दुकानांचा हिशोब त्यांच्याच आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला 2024 मध्ये 12,098 शॉर्ट फिल्म आल्या आणि 53 निवडल्या गेल्या. सव्वादोनशेहून जास्त फिल्ममागे एक. तुझी फिल्म चांगली आहे, मनापासून सांगतो, पण ही फी म्हणजे लॉटरीचं तिकीट आहे हे समजून भर. वर्षातून एक तिकीट काढायला काहीच हरकत नाही. सनडान्सने नाकारलेल्यांनी 1995 मध्ये त्याच्याच गावात, पार्क सिटीत, आपला स्लॅमडान्स काढला, आणि आज स्लॅमडान्सलाही फी भरावी लागते!

तुझ्या शीटमधल्या त्या दरमहा होणाऱ्या 'इंटरनॅशनल' फेस्टिव्हलांवर मात्र फुली मार. फेस्टिव्हलांना फिल्म पाठवायची साइट फिल्मफ्रीवे, ती 2014 मध्ये सुरू झाली, त्याआधी तशाच विदाउटअबॉक्सची सद्दी होती, ते 2019 मध्ये बंद पडलं. फिल्मफ्रीवेवर फेस्टिव्हलची नोंदणी फुकट होते आणि साइट फीवर कमिशन घेते. त्यामुळे लॅपटॉप आणि एखाद्या युरोपीय शहराचं नाव असलं की फेस्टिव्हल तयार. ना हॉल, ना प्रेक्षक. पुरस्कारांचे प्रकार इतके की कुणी रिकाम्या हाताने परत जातच नाही. लॉरेल, म्हणजे पोस्टरवर लावायचं पानांचं मानचिन्ह, पीडीएफमध्ये येतं आणि ट्रॉफी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. पोस्टरवर पानांच्या त्या डहाळ्या इतक्या झाल्यात की फिल्मचं नाव शोधावं लागतं.

माझी कसोटी एकच आहे: पैसा कुणाकडून येतो? प्रेक्षकांकडून, सरकारकडून, प्रायोजकाकडून मुख्य पैसा येत असेल आणि फी वरखर्चाला असेल, तर ते फेस्टिव्हल. सगळा पैसा फिल्म पाठवणाऱ्यांकडूनच येत असेल, तर तिथे गिऱ्हाईक तू आहेस. मग तुला खूश ठेवणं हाच त्यांचा धंदा. कॅनडात स्वतंत्र माध्यम-कलावंतांच्या संघटनेने स्क्रीनिंग फीचे दर ठरवून जाहीर केलेत, फिल्म दाखवली की तिचे पैसे द्यायचे. आपल्याकडे हा विषय काढला तर आयोजक म्हणतात, 'एक्स्पोजर मिळतं ना.' साउंडच्या मुलाला कुणी एक्स्पोजर देऊन बघावं, केबल गुंडाळून निघून जाईल.

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे गेलो की मला 1913 ची, 'राजा हरिश्चंद्र'च्या सुरतेतल्या खेळांची गोष्ट हमखास आठवते. पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये. मग जाहिरात केली, 57,000 फोटो, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यांत! आणि लोक आले. विम्याच्या पॉलिश्या गहाण ठेवलेल्या माणसाने पैसा मागितला तो बघणाऱ्याकडे. आपण कुठल्या वाटेने उलटे गेलो कोण जाणे.

तर माझं म्हणणं असं. शीटमधले तीन-चारच ठेव. मुंबईचा मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल, ठेव, 1990 पासून चालू आहे, माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनसाठीच आहे, आणि तिथे सुवर्णशंख पुरस्काराबरोबर रोख रक्कम असते. एक परदेशी लॉटरी. बाकीच्यांना फी भरण्याआधी सरळ ईमेल कर, वेव्हर देता का, नसेल तर निदान सवलत. बरेच जण देतात, मागणारेच कमी. गेल्या वर्षीचा त्यांचा कार्यक्रम उघडून बघ, किती फिल्म दाखवल्या, कुठल्या हॉलमध्ये, दिवस किती. हॉलचं नाव सापडलं नाही तर तिथेच थांब. आणि तोवर यूट्यूबवर टाकायची घाई नको, काही ठिकाणी त्यावरूनच बाद करतात.

उरलेल्या पैशात कुसुमाग्रज स्मारकात एक संध्याकाळ घेऊ. तिकीट पन्नास रुपये, तुझी आणि आणखी दोघांची फिल्म, आलेला गल्ला तिघांत वाटायचा. आमच्या समितीतही यंदा विषय काढलाय, निवडलेल्या प्रत्येक फिल्मला निदान एंट्री फी तरी परत द्या. दोघांनी मान डोलावली, खजिनदार अजून चहा ढवळतोय.

सबटायटलची शेवटची फाइल पाठव, मराठीतल्या दोन ओळी अजून चुकतायत. काकूंना नमस्कार, आणि ती बेरीज वहिनींना तूच दाखव, मी नाही.

तुझा,
नंदू