प्लगमधला फ्यूज आपल्याकडे का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराला किंवा दुकानाला आग लागली की बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ वीजकाम करणाऱ्याला हे वाक्य खटकते. खरे शॉर्टसर्किट झाले, म्हणजे फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) थेट एकमेकांना भिडले, तर शेकड्यांनी अँपिअर उसळतात आणि एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा पॅनलमधला स्विच) धड असेल तर तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पडतो. घरोघरच्या बोर्डांची अवस्था पाहिली की संशय दुसरीकडेच जातो. सैल पडलेले सॉकेट, बारीक वायरचे एक्स्टेन्शन आणि त्यावर झेपेल त्याहून जास्त लोड, हे तिघे एकत्र आले की पुरे.

दोन हजार वॅटचा हीटर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर ओढतो. सॉकेटच्या आतली पितळी पाकळी ढिली पडून पिनेला नीट धरत नसेल आणि त्या सांध्यात अर्धा ओहम जरी रोध आला, तर तेवढ्याशा जागेत 38 वॅट उष्णता तयार होते. टीव्ही-मोबाइल दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न बहुधा 25 वॅटची असते आणि ती कथील वितळवते. त्याहून तापट वस्तू आपल्या बोर्डात प्लास्टिकला खेटून तासन्‌तास चालू राहते. एमसीबीला यातले काही कळत नाही. तो 16 अँपिअरचा, लोड 8.7 चा, त्याच्या हिशेबी सगळे आलबेल.

या एका बाबतीत ब्रिटनच्या घरातला प्लग आपल्यापेक्षा बराच पुढे आहे. गंमत म्हणजे आपला प्लगही मूळचा त्यांचाच. आपले गोल पिनांचे टॉप (म्हणजे प्लग), ज्यांना जुने वायरमन 5 आणि 15 अँपिअरचे म्हणत आणि आता आपण 6 आणि 16 चे म्हणतो, ते बीएस 546 या 1934 च्या ब्रिटिश मानकावरून आले. दुसरे महायुद्ध चालू असतानाच तिथे युद्धानंतर बांधायच्या घरांच्या वायरिंगचा विचार सुरू झाला. तांब्याची टंचाई होती आणि घरे ढिगाने लागणार होती. त्यासाठी नेमलेल्या समितीत कॅरोलिन हॅस्लेट या विद्युत अभियंता होत्या, समितीतल्या एकट्या बाई. शिफारशींमध्ये लहान मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा ठळकपणे आला. त्यातून बीएस 1363 हे चपट्या चौकोनी पिनांच्या प्लगचे मानक 1947 साली निघाले. म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी त्यांनी गोल पिनांना रजा द्यायला सुरुवात केली. आपण मात्र त्या जपून ठेवल्या. तिकडे त्या आता मुख्यतः नाटकांच्या थिएटरात स्टेज लाइटसाठी दिसतात.

तांबे वाचवण्यासाठी त्यांनी रिंग सर्किट आणले. पॅनलमधून निघालेली 2.5 चौरस मिलिमीटरची वायर सगळ्या सॉकेटांना शिवून परत पॅनलमध्येच येते आणि त्या पूर्ण कड्यावर 32 अँपिअरचा एकच एमसीबी असतो. आता 32 अँपिअरच्या सर्किटवर टेबललॅम्पची सुतळीएवढी कॉर्ड लावली तर तिचे रक्षण कोण करणार? म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात एक छोटा नळीच्या आकाराचा फ्यूज बसवला, एक इंच लांब आणि पाव इंच जाड. सुमारे 700 वॅटपर्यंतच्या वस्तूला 3 अँपिअरचा, त्यावरच्या वस्तूला 13 चा. पॅनलमधला एमसीबी भिंतीतल्या वायरला सांभाळतो, प्लगमधला फ्यूज वस्तूच्या कॉर्डला. कामाची ही वाटणी आपल्या वायरिंगमध्ये कुठेच नाही.

आपल्याकडे रिंग नाही, मग फ्यूजची गरज काय, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. 0.75 चौरस मिलिमीटरची कॉर्ड 6 अँपिअरसाठी असते, 0.5 ची तर 3 अँपिअरसाठी. आपल्या साध्या एक्स्टेन्शनला यातलीच एखादी असते, आणि बिगर-आयएसआय मालात छापलेल्या जाडीवरही भरवसा नको. मागे भिंतीत एमसीबी 10 किंवा 16 चा. एमसीबीच्या मानकानुसार 16 चा एमसीबी 18 अँपिअरवर तासभर पडत नाही. 23 अँपिअरवर पडायलाही त्याला तासाभराची मुभा आहे. तो सदोष नसतो, त्याचे कामच तसे आखलेले असते. तेवढ्या वेळात बिछान्याखालून नेलेली 6 अँपिअरची कॉर्ड मऊ पडते, तिचे कोअर (आतल्या वेगवेगळ्या वायरी) एकमेकांत रुततात आणि मग खरोखरचे शॉर्टसर्किट होते. पंचनाम्यात तेवढेच दिसते.

फ्यूज सोडला तरी तो प्लग हातात घेऊन बघण्यासारखा आहे. अर्थिंगची पिन बाकी दोन पिनांपेक्षा 5 मिलिमीटर लांब असते. ती आधी आत जाते आणि बहुतेक सॉकेटांत फेज-न्यूट्रलच्या भोकांवरची झडप तीच उघडते. म्हणजे अर्थिंग जोडल्याशिवाय फेज उघडा होतच नाही. फेज आणि न्यूट्रलच्या पिनांच्या मुळाकडच्या अर्ध्या भागावर प्लास्टिकचे आवरण असते, त्यामुळे प्लग अर्धवट बाहेर आला तरी बोटाला उघडा जिवंत धातू लागत नाही. कॉर्ड मागून न निघता खालच्या बाजूने निघते. हिसका दिला तर प्लग सहजी उपटत नाही. आत अर्थिंगच्या कोअरला थोडी सैल लांबी ठेवायची पद्धत आहे. कॉर्ड ओढली जाऊन तुटायचीच झाली तर आधी फेज सुटतो, अर्थिंग सगळ्यांत शेवटी. शिवाय 1994 च्या नियमांमुळे घरगुती उपकरण प्लग बसवलेलेच विकावे लागते. दुकानातून उघड्या वायरीची वस्तू आणायची आणि घरी दातांनी इन्सुलेशन सोलायचे, हा प्रकार तिथे उरला नाही.

मोबाइल चार्जरला अर्थिंग लागत नाही. तरीही ब्रिटनमध्ये चार्जरला तिसरी पिन असतेच, फक्त ती प्लास्टिकची असते. तिचे काम एकच, झडप उघडणे. आपल्या शटरवाल्या (झडपेच्या) सॉकेटमध्ये दोन पिनांचा चार्जर जात नाही तेव्हा लोक अर्थिंगच्या भोकात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसून वाट करून देतात, आणि मुले ते बघत असतात. दुसरी अडचण मापाची. युरोपी पद्धतीच्या चार्जरची पिन 4 मिलिमीटर जाड, आपल्या 6 अँपिअरच्या सॉकेटची पाकळी 5 मिलिमीटरच्या पिनेसाठी केलेली. चार्जर लोंबकळतो, चुरचुर ठिणग्या उडतात, पाकळी काळी पडते. मग त्याच सॉकेटला इस्त्री लावली की वर सांगितलेला ढिल्या सांध्याचा ताप सुरू.

यावर आपण काढलेला तोडगा म्हणजे कुठलीही पिन जाईल असे ‘युनिव्हर्सल’ सॉकेट. ज्यात सगळे जाते त्यात घट्ट काहीच बसत नाही. यापेक्षा घातक वस्तू मात्र कन्व्हर्जन प्लग: मागे 16 चे सॉकेट, पुढे 6 च्या पिना. मोठी आणि छोटी पिन वेगळी ठेवण्यामागे जो विचार होता, तो ही वस्तू एका फटक्यात पुसून टाकते. गीझर, इंडक्शन शेगडी, ओव्हन, सगळे त्यातून 6 च्या सॉकेटवर चढते. राजरोस विकल्या जाणाऱ्या या वस्तूवर बंदी का नाही, याचे उत्तर संबंधितांनी द्यावे.

ब्रिटिश प्लगमध्येही दोष आहेत. तो बोजड आहे, जमिनीवर पिना वर करून पडतो आणि अंधारात तळपायाला लागला तर ब्रह्मांड आठवते. रिंग कुठे तुटली तर सगळी सॉकेटे चालूच राहतात, पण अर्ध्या वायरवर पूर्ण लोड येतो आणि तपासणी केल्याशिवाय कळत नाही. फ्यूजच्या जागी चंदेरी कागद गुंडाळणारे महाभाग तिथेही आहेत. मुलांसाठी म्हणून सॉकेटला लावायची प्लास्टिकची झाकणे तर उलट शटर उघडी ठेवू शकतात. 2016 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने ती वापरू नयेत अशी सूचना काढली. ती झाकणे इकडे ऑनलाइन मिळतात. शटरवाले सॉकेट असेल तर घेऊ नयेत.

देशभरातली सॉकेटे बदला, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. पण सॉकेट न बदलताही बरेच करता येते. प्रत्येक एक्स्टेन्शन बोर्डात कॉर्डच्या क्षमतेएवढा फ्यूज किंवा दाबून परत चालू करायचा ओव्हरलोड कट-ऑफ सक्तीचा करावा. बऱ्या कंपन्यांच्या स्पाइक गार्डमध्ये (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डात) तो आजही असतो. चार्जरना आपल्या 5 मिलिमीटरच्या मापाच्या पिना आणि तिसरी प्लास्टिकची पिन द्यावी. नव्या इमारतीत ताबा देताना प्रत्येक सॉकेटची फेज-न्यूट्रल-अर्थिंग जोडणी तपासून लेखी द्यावी. समोरून पाहताना वर अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, आणि बटण फेजमध्येच. न्यूट्रलमध्ये बटण असले की बटण बंद करूनही वस्तू जिवंतच राहते.

वाचकांना घरी करता येण्यासारखे दोन उपाय आहेत. मोठ्या लोडची वस्तू अर्धा तास चालली की बटण बंद करून प्लग काढावा आणि पिनांकडची बाजू हाताला किती गरम लागते ते बघावे. कोमट चालेल, चटका बसला, पिनेवर निळी-काळी झाक दिसली किंवा माशासारखा वास आला तर सॉकेट बदलायचे. नुसता टॉप बदलून भागत नाही, कारण ढिली पाकळी नव्या पिनेलाही जाळते.

टॉप बदलायचाच असेल तर आयएस 1293 (प्लग-सॉकेटचे भारतीय मानक) छापलेला आयएसआयचा घ्यावा. आधी अर्थिंगचा कोअर बाकी दोघांपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवावा. तिन्हींची टोके 6 ते 8 मिलिमीटरच सोलावीत, तारांना पीळ देऊन दुमडावे आणि एकही तार बाहेर न ठेवता स्क्रू आवळावा. तपकिरी (जुन्या कॉर्डमध्ये लाल) फेजला, निळा किंवा काळा न्यूट्रलला, हिरवा-पिवळा अर्थिंगला. टॉपमधली कॉर्ड दाबून धरणारी पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर बसली पाहिजे, आतल्या कोअरवर नाही. बहुतेक टॉप इथेच बिघडतात, कारण पट्टी लावायचा कंटाळा करून लोक आत गाठ मारतात.

लंडनहून येणारे नातेवाईक तिथली किटली आणतात, त्यांच्यासाठीही थोडे. व्होल्टेज आपल्यासारखेच 230, म्हणून ती इथे चालते. पण तिथल्या बऱ्याच किटल्या 3000 वॅटच्या असतात, म्हणजे 13 अँपिअर. छोट्या पिनांच्या ट्रॅव्हल अ‍ॅडाप्टरमधून 6 च्या सॉकेटवर ती लावली तर अ‍ॅडाप्टर वितळणे ठरलेलेच. मूळ प्लग कापून 16 चा चांगला टॉप बसवावा आणि गीझर किंवा एसीसाठी पॅनलमधून स्वतंत्र ओढलेल्या 4 चौरस मिलिमीटरच्या लाइनवरच ती चालवावी. तेव्हा गीझर किंवा एसी बंद ठेवावा.

आपला,
एक परवानाधारक वीज ठेकेदार, मिरज