खिडकीचं लिहिणार नव्हतो

पुणे, २१ मे

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

रोज फोन होतो, मग पत्र काहून, असं तुला वाटेल. फोनवर दोन वाक्यं बोललो की मला खोकला येतो आणि तू लगेच विचारतेस, "बाबा, गोळी घेतली का?" मग माझं बोलायचं तिथंच राहून जातं. कागदावर खोकला ऐकू येत नाही. दादाच्या पोराच्या चौरेघी वहीतली पानं फाडून घेतली आहेत, म्हणून अक्षर एवढं सरळ दिसतं आहे.

आधीच सांगतो, खिडकीचं लिहिणार नाही. तुझ्या आईला तसं कबूल केलं आहे.

निघायच्या आदल्या रात्री मी जे बोललो, तेही त्या डोरलं न्यायला आलेल्या बाईंसमोर, ते बोलायला नको होतं. तू सांधे तापवायची बत्ती घेऊन बसलेली, दार लोटलेलं, कूलर बंद, पंखा बंद, आणि जळक्या लाखेचा वास पार ओसरीपर्यंत आलेला. मी आत येऊन ओरडलो, "आधी खिडकी उघड!" तू म्हणालीस, "बाबा, ती उघडत नाही." मी म्हटलं, "बहाणे नको सांगू, जिंदगी गेली माझी त्या खिडकीखाली." तू काही बोलली नाहीस. बत्ती विझवली, चिमटा जागेवर ठेवला आणि आत गेलीस. सकाळी एसटीपर्यंत माझी बॅग तूच उचललीस. भांडली असतीस तर बरं वाटलं असतं.

इथं दादानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी एक नळी तोंडात दिली आणि म्हणाल्या, "काका, जोरात फुंका, फुंकत राहा, थांबायचं नाही." मला हसूच आलं. दहाव्या वर्षी आजोबांनी मला फुंकणी दिली होती. गालात हवा साठवायची, ती गालानंच ढकलत राहायची आणि त्याच वेळी नाकानं श्वास घ्यायचा. ज्योतीचं टोक सुईसारखं एका जागी उभं राहिलं पाहिजे. आजोबा समोर बसत, पण ज्योतीकडं बघत नसत, माझ्या गालाकडं बघत. गाल बसला की पाठीत चापट. पुढं एका दमात पाटलीच्या जोडीचे सांधे झाळून होईपर्यंत माझी ज्योत हलत नसे, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. आणि इथं त्या प्लास्टिकच्या नळीत मी तीन डाव फुंकलं, तर पडद्यावरची रेघ वर चढायच्या आधीच खाली आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, काय काम करायचे?" इतक्या वर्षांत इतके डॉक्टर झाले, असं पहिल्यांदाच कोणी विचारलं.

मी सांगितलं, सोनार. सांधा जोडायचं रेण कशाचं, तेही सांगितलं. त्या बराच वेळ लिहीत होत्या.

मागं तूच मला सांगत होतीस की कॅडमियम ७६७ अंशालाच उकळतं आणि चांदी वितळायला ९६१ लागतात, म्हणजे चांदीला घाम फुटायच्या आत ते हवेत गेलेलं असतं. मी म्हटलं होतं, पुस्तकातलं नको शिकवू. पण त्या काळी शहरातल्या पेढ्यांवर केडीएमच्या पाट्या लागायच्या आणि गिऱ्हाईक ते शुद्धतेचं नाव समजून दुप्पट विश्वासानं यायचं. नाव होतं कॅडमियमच्या रेणाचं. जुन्या रेणात तांबं नि चांदी जास्त, म्हणून दागिना मोडायला आला की कस उतरायचा आणि लोक सोनाराला चोर म्हणायचे. कॅडमियम थोडंसंच पुरायचं, सांधा दिसायचा नाही, कस टिकायचा. चोरपणाचा डाग गेला म्हणून आम्ही खूश होतो. पिवळट तपकिरी धूर निघायचा. तो एका फुंकेनं बाजूला सारायचा आणि पुन्हा वाकायचं. तोंडाला फडकं बांधलं की झालं, असं वाटायचं. फडक्यानं तो धूर अडत नाही, हे या बाईंनी सांगितलं.

तुझं रेण कॅडमियमचं नाही, ते मला माहीत आहे. पण आसपासच्या गावांतल्या बाया तुझ्याकडं जुन्या दागिन्यांची मोड घेऊन येतात ना, ती मोड बहुतेक माझ्याच हातची आहे. तिच्या सांध्यासांध्यात माझंच केडीएम बसलेलं. तू मूस तापवशील आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा माझा धूर तुझ्या छातीत जाईल. म्हणून म्हणतो, ती मोड घरात वितळवू नको. आर्वीला देऊन टाक, बदल्यात शुद्ध धातूचा दाणा घे. आणि कपाटातल्या खालच्या कप्प्यात दंतमंजनाच्या डबीत माझ्या रेणाच्या कातऱ्या आहेत, त्यांना हात लावू नको. तुझं रेण संपलं, आर्वीला जायचा कंटाळा आला, तरी नाही. आणि काहीही तापवताना खिडकी

आई मागून वाचते आहे. म्हणाली, "किती डाव थे खिडकी लिवता? पोट्टी का लहान हाय का आता?" बरं. दुसरं लिहितो.

तुझ्या वहिनीला तू दिवाळीत पऱ्हाटीच्या बोंडाचे कानातले दिले होते, ते ती ऑफिसात घालून जाते. परवा रात्री तिनं काढून ठेवले, तेव्हा मी भिंग घेऊन बसलो. खोटं कशाला बोलू, चूक शोधायलाच बसलो होतो. आधी तळहातावर तोलले, जोडी तोळ्याला जरा कमी. मग उलटे केले. आजोबा म्हणायचे, पुढून गिऱ्हाईक बघतं, मागून सोनार. बोंड फुटल्यावर वाळलेल्या टरफलाच्या ज्या चार पाकळ्या उरतात, टोकाशी आत वळलेल्या, बोटाला टोचणाऱ्या, त्या तशाच आहेत. शिरासुद्धा आहेत. त्या तू ठोकून घडवल्यास की साच्यात ओतल्यास, ते मला भिंगातूनही कळेना, आणि मला कळू नये याचा राग आला. चारही पाकळ्या एकाच जागी देठाला मिळतात. तिथं चौथा सांधा झाळताना पहिला सुटतो, चांगल्या कारागिराचाही सुटतो. तुझा कुठंच सुटलेला नाही. सापडली ती एकच गोष्ट, डाव्या कानातल्याच्या तिसऱ्या पाकळीत रेण जरा जास्त पळालं आहे, मोहरीएवढं. झालेल्या सांध्याला गेरू कालवून लावत जा, म्हणजे रेण तिथं पळत नाही. हे तुला माहीतही असेल. असलं तरी बापानं सांगितलं म्हणून एकदा ऐकून घे.

वहिनी सकाळी म्हणाली, बाबा, कानातले पुसून कोणी ठेवले? मी पेपर वाचत होतो.

तू कंपनी सोडलीस तेव्हा मी चार दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. मुंबईत सहा वर्षं कॉम्प्युटरवर अंगठ्या काढल्यास, एक तारखेला पगार. कोरोनात घरी आलीस आणि परत गेलीच नाहीस. तुला वाटलं, मुलगी ऐरणीवर बसते म्हणून मला लाज वाटते. तसं नव्हतं. मला आजोबांची भीती वाटत होती. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही म्हणून. आपल्याकडं कापूस विकून बाई येणार ती पुतळ्या नाही तर बोरमाळ करायला. १४ कॅरेटचं ती कशाला अंगाला लावते? मी दोन वर्षांचा होतो. आजोबा आर्वीला जिनिंगमध्ये रुईचे बोरे उचलायला गेले. रात्री घरी येऊन पितळेचे टाक घडवायचे, कोणाच्या देवघरातला खंडोबा, कोणाची देवी. मजुरीत ज्वारी. तो कायदा पुरता उठायला १९९० उजाडलं. तोवर आजोबांचे डोळे गेले होते. हाताला कसब आहे म्हणून पोटाला मिळेलच असं नाही, हे मी ताटात पाहिलेलं आहे. म्हणून तुला म्हणतो, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव. उधारी तोंडी ठेवू नको, वहीत लिही. नात्यातल्यांना मजुरी माफ करू नको, ते नंतर तुलाच महाग म्हणतात. प्रदर्शनाचा गाळा घ्यायच्या आधी मागच्या प्रदर्शनातला माल किती परत आला ते बघ. झाडण वर्षभर साठव, कानशीखालचं कातडं झटकल्याशिवाय उठू नको, आणि झाडणीतलं सोनं वेचणारा झारेकरी आला की डोळ्यांदेखत…

पुन्हा सुरू झालो. जाऊ दे. तुझा हिशोब माझ्यापेक्षा चांगला आहे. मी जन्मभर ग्रॅमवर मजुरी घेतली. तू एका जोडीचे तीन हजार आठशे सांगितलेस, तेव्हा ओसरीवरच्या काकू म्हणाल्या, "इतक्यात तं बकरी येते." मी हसलो होतो, त्यांच्या बाजूनं. ते चुकलंच. त्या जोडीला तू नऊ दिवस घातलेस, ते मी खाटेवर पडून मोजत होतो. तेव्हा बोललो मात्र नाही. मग सुपात तांदूळ पसरून त्यावर कानातले ठेवून फोटो काढलेस, उजेड हवा म्हणून न्हाणीच्या दारात उकिडवी बसून. मग खोका, चिठ्ठी, आणि स्कूटीवर अठरा किलोमीटर कुरिअरला. परत आलीस तेव्हा चेहरा टमाट्यासारखा झालेला, आणि लाइट गेलेली.

आता इकडचा उन्हाळा फारसा वाटत नाही, पण टीव्हीवर आपल्याकडचे ४५ चे आकडे बघतो आणि तू त्या खोलीत बत्तीसमोर बसलेली दिसतेस. दुपारी झळा आत आल्या की ज्योत फडफडते, म्हणून तू सगळं बंद करून बसतेस, हे मलाही कळतं. मीही तेच केलं. पण तापवायचं काम पहाटे पाच ते आठ उरकत जा. तेव्हा वारा पडलेला असतो, हवा खेळू दिली तरी ज्योत हलत नाही. दुपारी कानस, जंत्रीतून तार ओढणं, उजाळा, काय ते कर. रिठे भिजत घालून ठेव.

आता जे लिहायला बसलो होतो, ते लिहितो.

इथं दादाच्या घरात काचेच्या सरकत्या खिडक्या आहेत. वहिनी एका बोटानं ढकलते आणि उघडते. चार दिवस मी ते बघत होतो. परवा रात्री दोन वाजता उठून बसलो. आईला वाटलं, दम लागला. छोटे, ती खिडकी खरंच उघडत नाही. मीच ठोकली आहे. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, पोळ्याच्या रात्री, कोणीतरी गजातून काठी घालून खुंटीवरचा डबा ओढला होता. त्यात एका गिऱ्हाइकाच्या पायाच्या बोटांतल्या विरोद्या होत्या, मला भरून द्याव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी मी खालचे दोन्ही पल्ले चौकटीला खिळे मारून बंद केले. त्यावर दोनदा ऑइलपेंट बसला, आता डोक्यांवर फुगवटासुद्धा दिसत नाही. वरच्या अर्ध्यात माझी हवा यायची. पुढं दादानं कूलर पाठवला, तो मी त्या वरच्या अर्ध्यातच बसवला, फटी चिंध्यांनी बुजवल्या. म्हणजे तुझ्यासाठी काहीच ठेवलं नाही मी. आणि वर गिऱ्हाइकासमोर तुलाच बोललो.

खिळे एकूण तीन आहेत, चार इंची. दोन डाव्या पल्ल्याला, तळापासून वीतभर वर, आणि एक उजव्याला अगदी खाली कोपऱ्यात. पत्र्याच्या पेटीत जंबूर आहे, पण आधी रंग पटाशीनं खरवडून काढ, नाही तर डोकं धरता येणार नाही. तुझ्यानं निघाले नाहीत तर सुताराला बोलाव. लाकूड चिरलं तर चिरू दे, पल्ला नवा करू. डावं वरचं बिजागर सुटलेलं आहे, पल्ला अंगावर येईल, हाताचा टेका देऊन उघड. दादाच्या हाती तीन हजार पाठवतो आहे, कूलर काढून त्या जागी धूर बाहेर ओढणारा पंखा लाव. कूलर ओसरीकडच्या दारात चालेल. पैसे परत पाठवलेस तर मी गोळ्या घेणार नाही.

आईचा निरोप: आंब्याच्या लोणच्याची बरणी दर दोन दिवसांनी हलव, आणि रात्री दाराला आतून कडी लाव. लग्नाचं तिला लिहायचं होतं, मी म्हटलं कागद संपला.

तुझा,
बाबा

ता. क. खिडकी उघडली की काकूंच्या बकऱ्या गजातून तोंड घालतील, पूर्वीही घालायच्या. तू नमुन्याला आणलेली बोंडं खिडकीखालच्या पेटीवर मांडून ठेवली आहेस, ती आधी उचल. सरकीच्या वासानं एकही ठेवणार नाहीत.