प्रत्येकाच्या आवडीची मालिका शोधून देणाऱ्या सेन्सेईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय सेन्सेई,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी तुमच्याकडे जपानी शिकू लागली तेव्हापासून आमच्या घरात सगळेच तुम्हाला सेन्सेई, म्हणजे जपानीत शिक्षक, म्हणतात, म्हणून मीही तोच मायना लिहिला आहे. तुमचे आभार घरी येऊनही मानता आले असते. परंतु अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका-चित्रपट आणि मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, यांच्याशी नवख्या माणसाची ओळख कशी करून द्यावी, याचा तुम्ही घालून दिला तसा वस्तुपाठ मी दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही. तो इतरांनाही वाचायला मिळावा असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र अनावृत लिहीत आहे.

अ‍ॅनिमे म्हटले की आमच्या घरात डोळ्यांपुढे यायचे ते हिंदीत बोलणारे डोरेमॉन आणि शिनचॅन, आणि हा सगळा मुलांचा कारभार असा समजही त्यातूनच रुजलेला होता. मुलीच्या मित्रमैत्रिणींनी मोठ्यांसाठी म्हणून ज्या याद्या पाठवल्या, त्यांत फिरून फिरून तीच नावे वर होती : ‘अटॅक ऑन टायटन’, ‘डीमन स्लेयर’, ‘वन पीस’. या कलाकृतींच्या थोरवीविषयी मला शंका नाही. मात्र १९९७ पासून चालू असलेली आणि शंभराहून अधिक खंड झालेली ‘वन पीस’ सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या हाती पहिल्याच दिवशी ठेवली, तर त्या ती दुसऱ्या दिवशी परत करतील आणि पुन्हा या वाटेला जाणार नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

तुम्ही आम्हाला यादी दिली नाहीत. तुम्ही प्रत्येकाशी, काहींशी फोनवर तर काहींशी समोर बसून, बोलून घेतलेत. पुन्हा पुन्हा काय वाचावेसे किंवा पाहावेसे वाटते, काय पाहणे सोसत नाही, संध्याकाळी किती वेळ हाताशी असतो आणि तो एकट्याचा असतो की चारचौघांत बसून घालवायचा असतो, एवढेच तुमचे प्रश्न होते. जपानची आवड आहे का, चित्रकथा आवडतात का, हे तुम्ही एकालाही विचारले नाहीत. ज्याला जे मुळात प्रिय आहे तेच त्याला तिकडे भेटवून द्यायचे, ही तुमची पद्धत होती, आणि ती किती अचूक होती हे एकेकाच्या अनुभवावरून सांगते.

सर्वांत आधी माझी आई. कीर्तन, कथाकथन आणि एकपात्री प्रयोग यांची तिला आयुष्यभर ओढ आहे; मारामारी आणि कर्कश संगीत मात्र तिला पाच मिनिटेही सहन होत नाही. तिच्यासाठी तुम्ही ‘शोवा गेन्रोकु राकुगो शिंजू’ निवडलीत. हारुको कुमोता यांच्या मांगावरून झालेली आणि २०१६ व २०१७ मध्ये दोन पर्वांत आलेली ही मालिका राकुगो या जपानी कथाकथनाच्या परंपरेची आहे. रंगमंचावर उशीवर गुडघे दुमडून बसलेला एकटा कलावंत, जवळ एक पंखा आणि एक सुती रुमाल. मान एका बाजूला वळली की एक पात्र बोलते, दुसऱ्या बाजूला वळली की दुसरे. तुरुंगातून सुटलेला योतारो थेट याकुमो या थोर कलावंताला गाठतो आणि मला शिष्य करून घ्या म्हणून हट्ट धरतो. तेथून कथा याकुमोंच्या तारुण्यात जाते, त्यांचा जिवलग मित्र आणि प्रतिस्पर्धी सुकेरोकु भेटतो, युद्ध येऊन जाते, आणि श्रोते पांगत चाललेली कला जगवायची की आपल्याबरोबर संपू द्यायची, हा प्रश्न उभा राहतो. ज्या बाईने देवळातल्या कीर्तनाची गर्दी डोळ्यांदेखत विरळ होताना पाहिली, तिला तो प्रश्न कोणी समजावून सांगावा लागला नाही.

अडचण होती ती उपशीर्षकांची. आईला इंग्रजी ओळी तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत आणि मराठीत मालिका उपलब्ध नव्हती. मी बाजूला बसून अर्थ सांगत जाईन असे म्हटले, तेव्हा तुम्ही मला थांबवलेत. इतर प्रसंगांत खुशाल सांगा, परंतु राकुगो चालू असताना तोंडातून शब्द काढू नका. ती गोष्ट आधी सांगून ठेवा, कारण जपानी श्रोत्यांनाही या जुन्या गोष्टी ठाऊक असतात आणि ते तेथे जातात ते हा कलावंत ती कशी रंगवतो हे पाहायला, असे तुमचे म्हणणे होते. त्याप्रमाणे ‘शिनिगामी’ ही कथा मी आईला दुपारी मेथी निवडता निवडता सांगितली : कर्जबाजारी माणसाला मृत्यूचा देव भेटतो, मी रोग्याच्या पायथ्याशी बसलेला दिसलो तर मंत्र म्हणून मला घालवता येईल, उशाशी दिसलो तर नाही, असे बजावतो, आणि हा लोभी गृहस्थ एका श्रीमंत रोग्याचे अंथरुणच उलटे फिरवून देवाला फसवतो. रात्री पडद्यावर तीच गोष्ट सुरू झाली तेव्हा आई उपशीर्षकांकडे बघतच नव्हती. तिचे सगळे लक्ष याकुमोंच्या मानेच्या वळणाकडे आणि आवाजाच्या चढउताराकडे होते. तरुण आणि वृद्ध याकुमोंचा आवाज एकाच माणसाचा आहे का, हे तिने मला विचारले, मी तुम्हाला विचारले, आणि तो दोन्ही वयांत आकिरा इशिदा यांचाच आहे हे तुमचे उत्तर ऐकून तिला जो आनंद झाला, त्याचे वर्णन मला करता येणार नाही.

माझ्या बहिणीचे घर कागल तालुक्यात आहे. आमच्या दाजींचा म्हशींचा गोठा आहे, पहाटेच्या धारा आहेत, आणि रोज संकलन केंद्रावर फॅट किती लागली यावर महिन्याचा हिशेब ठरतो. त्यांना चित्रमालिकेत रस वाटेल असे मला स्वतःला वाटले नसते. तुम्ही ‘सिल्व्हर स्पून’ सुचवलीत. तिची मूळ मांगा हिरोमु आराकावा यांची; ती मुलांसाठीच्या एका साप्ताहिकात क्रमशः येत असे आणि शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलांच्या वर्गात मोडते, त्यामुळे वर्गवारीचा शिक्का पाहून निवडणाऱ्या कोणीही ती गोठा सांभाळणाऱ्या गृहस्थाला दिली नसती. परंतु आराकावा होक्काइदो या जपानच्या उत्तरेकडील बेटावरच्या दुग्धव्यावसायिक कुटुंबात वाढल्या आहेत आणि तो अनुभव पानापानांत उतरला आहे, हे तुम्हाला माहीत होते. अभ्यासाच्या स्पर्धेला कंटाळलेला हाचिकेन नावाचा शहरी मुलगा होक्काइदोच्या शेतकी विद्यालयात दाखल होतो. सुट्टीत वर्गमैत्रिणीच्या घरी कामाला असताना दुधाची नळी टाकीला जोडायची त्याच्याकडून राहून जाते आणि दूध वाहून जाते. दाजींनी तो भाग तेथेच थांबवला, बहिणीला आतून हाक मारली आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवला.

दाजी माळकरी आहेत, हे तुम्ही लक्षात ठेवले होते. हाचिकेन एका अशक्त डुकराच्या पिल्लाला लळा लावतो, नाव देतो, आणि शेवटी ते कत्तलखान्यात गेल्यावर स्वतःच्या कमाईतून त्याचे मांस विकत घेतो, हे तुम्ही त्यांना आधीच फोनवर मोकळेपणाने सांगितलेत आणि नको असेल तर ते भाग वगळले तरी कथा तुटणार नाही, असेही म्हणालात. दाजींनी एकही भाग वगळला नाही. “भाकड म्हैस दावणीवरनं सोडताना घरात चूल का पेटत नाही, ते ह्या पोराला कळलंय,” एवढेच ते म्हणाले. कोमाबा या मुलाच्या घरची डेअरी कर्जात बुडते आणि त्याला बेसबॉल व शाळा दोन्ही सोडावी लागतात, तो भाग त्यांना सर्वांत जवळचा वाटला. त्याविषयी ते फारसे बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

त्यांच्याच मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, तुम्ही ‘हाइक्यू’ दिलीत. तो शाळेच्या व्हॉलीबॉल संघात आहे, उंचीने कमी आहे, आणि बुटक्या पण विलक्षण उडी असलेल्या हिनाताची ती मालिका त्याने किती वेगाने संपवली हे सांगायला नको. मुंबईत डॉक्टर असलेल्या माझ्या भावासाठी नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ निवडलीत. वरिष्ठांचा आदेश डावलून महापौराऐवजी आधी आलेल्या मुलावर शस्त्रक्रिया करणारा ड्युसेलडॉर्फमधला मेंदूचा शल्यविशारद, आणि पुढे त्याच मुलाचे उघड होणारे भयंकर रूप. चौऱ्याहत्तर भागांची मालिका पाहायला त्याला सवड नाही, हे ओळखून तुम्ही त्याला लोकलमध्ये वाचता येईल म्हणून अठरा खंडांची मांगा सुचवलीत, तीही आधी एकच खंड घ्या असे सांगून.

मावशीबद्दल मात्र थोडे अधिक लिहायला हवे. तिचा सारा जीव भरतकामात. तिच्या हाती तुम्ही काओरु मोरी यांची ‘अ ब्राइड्स स्टोरी’ दिलीत, जिच्यात एकोणिसाव्या शतकातल्या मध्य आशियाचे जीवन इतक्या बारकाईने रेखाटले आहे की गालिचे, झगे आणि उशांच्या अभ्र्यांवरचा एकेक टाका मोजता यावा. उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय व्हावी म्हणून तुम्ही पहिल्या काही पानांवरच्या चौकटींना पेन्सिलीने क्रमांक घालून दिलेत; मावशीने ते अजून खोडलेले नाहीत. कथेतली वधू वीस वर्षांची आणि वर बारा वर्षांचा आहे, हे वाचून ती दचकेल, म्हणून त्या काळच्या चालीरीतींची कल्पना तुम्ही तिला आधीच दिलीत. एक लहान मुलगी भरतकामात फक्त ससाणेच काढत राहते आणि घरातली आजी तिच्यापुढे मागच्या पिढ्यांतल्या बायकांनी भरलेले कपडे उलगडून एकेक नक्षी कोणाची हे सांगते, ते प्रकरण वाचल्यावर मावशीने ट्रंकेतून स्वतःच्या आईचा कशिदा काढला आणि पान शेजारी ठेवून दोन्हींतले टाके ताडून पाहिले.

आता माझ्याविषयी. वडील गेले त्यानंतरच्या महिन्यांत मी तुमच्याकडे युद्धात अनाथ झालेल्या भावंडांवरचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा चित्रपट मागितला होता, कारण श्रेष्ठ अ‍ॅनिमे म्हणून त्याचे नाव सगळीकडे वाचले होते. तुम्ही स्पष्टपणे “आत्ता नको” म्हणालात. तो चित्रपट श्रेष्ठच आहे, पण १६ एप्रिल १९८८ रोजी घिब्ली स्टुडिओने तो प्रदर्शित केला तेव्हा त्याच्या जोडीला ‘माय नेबर तोतोरो’ हा हसराखेळता चित्रपट होता, आणि तुमच्याजवळ आत्ता जोडीला तसे काही नाही, असे तुम्ही समजावलेत. त्याऐवजी चिका उमिनो यांची ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ दिलीत. आईवडील आणि बहीण गमावलेला, शोगी हे जपानी बुद्धिबळ खेळून एकट्याने पोट भरणारा रेई, आणि त्याला आपल्या घरी ओढून नेऊन पोटभर जेवू घालणाऱ्या कावामोतो बहिणी. त्यांचीही आई आणि आजी गेलेली आहे, तरी त्या घरात कोणी कोणाला धीर धर म्हणून उपदेश करत नाही. चुलीवर काहीतरी शिजत असते आणि एक ताट जास्त वाढले जाते. पूर्वजांच्या स्वागताचा ओबोनचा दिवस त्यात येतो, तो भाग मी आईबरोबर पाहिला. त्या महिन्यांत मला दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने इतका आधार दिला नाही. काय पाहा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय आत्ता पाहू नका हे सांगायला समोरच्याची काळजी असावी लागते, आणि ती तुम्हाला होती.

तुमच्या शिकवण्या, घर आणि परीक्षांचे पेपर यांतून तुम्ही हा सगळा वेळ काढलात, कोणाकडून काही घेतले नाहीत, आणि प्रत्येकाला नंतर फोन करून रुचले की नाही हेही विचारलेत. दाजींना एका भागानंतर कंटाळा आला असता तर दुसरे काय द्यायचे, हेसुद्धा तुम्ही ठरवून ठेवले होते, असे मुलीकडून कळले. या सगळ्याबद्दल आमच्या दोन्ही घरांतर्फे मी तुमची अंतःकरणापासून आभारी आहे.

एक विचारायचे आहे. आमच्या शेजारच्या मुलाने नुकताच अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे, त्याला अवकाशाचे वेड आहे, पण लढाया आणि परग्रहवासी नकोत; कामावर जाणाऱ्या साध्या माणसांच्या गोष्टी त्याला आवडतात. तुमचेच प्रश्न विचारून मी त्याला ‘प्लॅनेटेस’ सुचवली आहे : २०७५ साल, आणि पृथ्वीभोवती फिरणारा अवकाश-कचरा गोळा करणारे कर्मचारी. सव्वीस भागांची मालिका आधी पाहावी की माकोतो युकिमुरा यांची मूळ मांगा आधी वाचावी, तेवढे सवडीने कळवावे, म्हणजे तो रविवारी येईल तेव्हा मला सांगता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका विद्यार्थिनीची आई
पुणे