व्हिडिओ काढला की गुन्हा? नाकाबंदीचा नियम एकदा लेखी सांगून टाका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

"शूटिंग बंद कर, नायतर ३५३ टाकीन." हे वाक्य नाकाबंदीत कधीच ऐकलं नाही असा दुचाकीवाला आपल्याकडे सापडणं अवघड आहे. परवा रात्री माझ्या पुढे एक डिलिव्हरीवाला पोरगा होता, काही विचारायच्या आधीच त्याच्या गाडीची चावी काढून घेतली, त्याने डिजिलॉकरवर लायसन दाखवलं तर म्हणे ओरिजिनल पायजे, आणि "साहेब कुठल्या नियमाने?" असं विचारून त्याने मोबाईल वर धरला तसं वरचं वाक्य आलं. पोरगं गप. मोबाईल खिशात. साहेबांच्या छातीवरची नावाची पट्टी रिफ्लेक्टर जॅकेटखाली झाकलेली, म्हणजे तक्रार करायची तरी कोणाच्या नावाने?

आता गंमत बघा, ३५३ हे जुन्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम. १ जुलै २०२४ ला आयपीसीच गेली, त्या जागी भारतीय न्याय संहितेचं १३२ आलं, आणि नव्या संहितेत ३५३ नंबरला खोटी माहिती, अफवा पसरवून लोकांना भडकवण्याचा गुन्हा बसलाय. धमकी मात्र अजून जुन्याच नंबरने चालू आहे. आणि नंबर कुठलाही असू दे, त्या कलमाला सरकारी माणसावर हल्ला किंवा बळाचा वापर व्हावा लागतो, चार हात लांब उभं राहून मोबाईल धरला तर त्यात हल्ला कुठनं आला?

आपल्याच हायकोर्टाने याच्या जवळचं दोनदा सांगून झालंय. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एकावर शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा टाकला होता, हेरगिरीसाठी केलेला १९२३ सालचा कायदा हो तो! २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने गुन्हा रद्द केला, पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही असं स्पष्ट सांगून. मग २०२४ मध्ये पाथर्डीच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही तेच म्हटलं, तिथे पोलिसाशी झालेलं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलेलं होतं. (धमकीची बाकीची कलमं मात्र कोर्टाने तशीच ठेवली, म्हणजे रेकॉर्डिंग केलं की सगळं माफ असं कोणी समजू नये.) हे निकाल ठाण्याबद्दलचे आहेत, नाकाबंदीबद्दलचे नाहीत, मान्य. पण ठाण्याच्या आत जे गुपित नाही ते भर रस्त्यात दिव्याखाली गुपित कसं होतं हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

लायसन दाखवायचं नाही असं मी म्हणतच नाहीये. वर्दीतल्या पोलिसाने मागितलं की ते दाखवावंच लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम १३०. पण केंद्रीय मोटार वाहन नियमातला नियम १३९ डिजिटल कागदपत्रं चालतात असंही सांगतो, मग हुज्जत कशाला? तसंच मोबाईलचं. फोन पुरावा म्हणून पाहिजे असेल तर रीतसर पंचनामा करून जप्त करा, हिसकावून घ्यायचा आणि व्हिडिओ डिलिट करायला लावायचा हे कुठल्या कलमात बसतं? उलट तपासाची, झडतीची पद्धत सांगणाऱ्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ वाचा, झडती घेताना, वस्तू जप्त करताना पोलिसांनीच व्हिडिओ काढायचाय आणि तोही शक्यतो मोबाईलवर, असं तिथे चक्क लिहिलंय.

पोलिसांची दुसरी बाजू पण आहे. बारा बारा तास धुरात उभं राहायचं, त्यात कोणीतरी पिऊन सुसाट येतो आणि सरळ बॅरिकेडवर गाडी घालतो, शिवाय हल्ली काही यूट्यूबवाले मुद्दाम तोंडासमोर कॅमेरा नाचवून पोलिसाला चिडवतात आणि मग त्याचे रील टाकतात, त्यांची बाजू मी घेणार नाही. काम अडवलं, अंगावर गेलं तर गुन्हा व्हायलाच पाहिजे. शेजारच्या गाडीतल्या बायामाणसांचे चेहरे घेऊन व्हायरल करणं हाही निव्वळ चावटपणाच.

पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं ते उगाच नाही, आणि नाकाबंदीत तर तेवढंही नसतं. तिथे काय बोलणं झालं याचा पुरावा म्हणजे आपला मोबाईल नायतर पोलिसांचा बॉडी कॅमेरा, आणि तो कॅमेरा निदान आमच्या चौकात तरी मला कधी चालू दिसलेला नाही. त्यामुळे व्हिडिओ खऱ्या पोलिसाच्याही फायद्याचा आहे, त्याच्यावर पैसे मागितल्याचा खोटा आळ आला तर तोच वाचवेल.

माझं मागणं एवढंच आहे की पोलीस महासंचालक कार्यालयाने एक पानी परिपत्रक काढावं. किती अंतरावरून शूटिंग चालेल, कधी थांबवायला सांगता येईल, फोन जप्त करायची पद्धत काय, आणि नेमप्लेट जॅकेटच्या वर दिसली पाहिजे. ते मराठीत छापून प्रत्येक बॅरिकेडला अडकवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील. असं काही आधीच काढलेलं आहे का म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, आलं की प्रत आपल्याकडे पाठवतो, छापता आली तर बघा.

आपला नेहमीचा वाचक,
चिंचवड