अँटीव्हायरस घेतलाय की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सांगलीत एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. गेल्या दिवाळीआधी एका सकाळी टॅली उघडेना, बघतो तर सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि स्क्रीनवर पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. बॅकअप होता हो, पण ती हार्ड डिस्क चोवीस तास त्याच कॉम्प्युटरला खोचलेली, मग तीपण गेली. शेतकऱ्यांच्या पट्ट्या कागदी पावत्यांवरनं परत चढवण्यात पंधरा दिवस गेले. आणि मालकांनी बोल लावला महिन्यातनं एकदा येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या पोराला.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की अमेरिकेच्या निस्ट ह्या सरकारी संस्थेनं २०१४ लाच अशा सायबर हल्ल्यांपासून वाचण्यासाठी एक फ्रेमवर्क, म्हणजे कामाचा आराखडा काढलाय, फुकट मिळतो. आपल्याकडं काय काय आहे ते आधी ओळखा, ते जपा, गडबड झाली तर लगेच कळेल अशी सोय करा, मग कुणी काय करायचं आणि परत उभं कसं राहायचं ते आधीच ठरवून ठेवा. आता सांगलीकराला हे नवीन आहे का? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि कुठल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं ते पोरासोरांना पाठ. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हापासून आमच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत, कॉम्प्युटरमधला हिशेब तेवढा खालीच राहिला म्हणायचा!

२०२४ च्या नव्या आवृत्तीत 'गव्हर्न' म्हणून सहावा भाग आलाय, म्हणजे जबाबदारी वर बसणाऱ्यांची, पोराच्या नावानं बिल फाडून चालत नाही. आपल्या सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचाही २०२२ पासून नियम आहे, संस्थांनी असा प्रकार कळल्यापासून ६ तासांत कळवायचं. आम्ही दोन दिवस नुसता कॉम्प्युटर बंद-चालू करत होतो.

हे सगळं डोक्यात असताना मी सभासद असलेल्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत उठून विचारलं, पुण्यात २०१८ ला सायबर हल्ल्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, आपण बॅकअप परत उतरवून शेवटचा कधी बघितला? स्टेजवरनं उत्तर आलं, "अँटीव्हायरस घेतलाय की!" टाळ्या पडल्या आणि पुढचा विषय निघाला, लाभांशाचा.

- एक वाचक, सांगली