सायबर छळ : बघ्या मुलांनाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाशाळांतून सायबर सुरक्षेची व्याख्याने होऊ लागली आहेत, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यांतला बहुतेक वेळ ओटीपी, पासवर्ड आणि अनोळखी व्यक्तींपासूनची सावधगिरी यांतच संपतो. नववीच्या वर्गाला शिकवताना मला दिसते ते निराळेच. छळणारे मूल बहुधा त्याच वर्गातले, कधी शेजारच्या बाकावरचे असते. स्नेहसंमेलनाच्या फोटोतून एखाद्या मुलीचा चेहरा कापून त्याचे स्टिकर बनते, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिने अभ्यासाचे जरी काही विचारले तरी उत्तरादाखल तेच स्टिकर येते आणि त्याखाली हसऱ्या इमोजींची रांग लागते. चौकशी केली की जो तो म्हणतो, "बाई, मी बनवलं नाही, नुसतं फॉरवर्ड केलं."

या "नुसतं"वरच तासभर बोलायला हवे. अल्पवयीन मुलांचे अश्लील चित्र पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे आणि पाठवणारे मूल अठरा वर्षांच्या आतले असले, तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाऊ शकते, हे मुलांना ठाऊकच नसते. स्टिकरसारख्या गोष्टी सहसा तिथवर जात नाहीत; पण सोसणाऱ्या मुलीच्या दृष्टीने शंभर हसऱ्या इमोजी हाच छळ असतो. म्हणून न हसणे, तिला वेगळा मेसेज करून धीर देणे आणि शिक्षकांना सांगणे ही चहाडी नव्हे, हे वर्गात स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे.

मुले गप्प राहतात त्याचे मोठे कारण घरात आहे. सांगितले की आधी मोबाइल काढून घेतला जाईल, ही त्यांची भीती खरी ठरते. पालकांनी तसे न करता स्क्रीनशॉट, तारीख आणि खात्याचे नाव जपून ठेवावे. चित्र अश्लील असल्यास मात्र त्याची प्रत काढू नये की कोणाला पाठवू नये. १०९८ या चाइल्डलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर थेट तक्रार करावी. अश्लील चित्राची अशी बाब "शाळेची बदनामी नको" म्हणून दडपणाऱ्या संस्थाप्रमुखावर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली कारवाई होऊ शकते, हेही पालकांना माहीत असावे.

शासनाने २०२२ मध्ये शाळांना विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करायला सांगितले. या समितीचे सदस्य कोण आणि त्यांना केव्हा भेटता येते, हे प्रत्येक शाळेने जूनमधल्या पहिल्याच पालकसभेत सांगावे आणि फलकावरही लावावे, अशी माझी शिक्षण विभागाला आग्रहाची विनंती आहे.

– एक वर्गशिक्षिका, सातारा